बिबट्या तोच की दुसरा?

सोमवारी पाणंदीत, बुधवारी कालव्याच्या भरावावर आणि शुक्रवारी गोठ्याच्या मागे. आठवड्यात तीनदा बिबट्या दिसला की आंबेगाव तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर एकच चर्चा सुरू होते, ‘तीन बिबटे फिरतायत.’ कोणी म्हणते मादी आहे, मागे दोन पिल्ले आहेत. कोणी म्हणते हा तर मागच्या वर्षीचाच. वनखात्याकडे निवेदन जाते, पिंजरा येतो, शेळी बांधली जाते आणि चार दिवसांनी एक बिबट्या अडकतो. गाव सुटकेचा निःश्वास टाकते. पण अडकला तो नेमका कोणता, याचे उत्तर पिंजऱ्याच्या गजांतून बघून मिळत नाही.

त्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. शेळ्या उचलणारा एकच बिबट्या असेल, तर उपाय एक. तीन असतील, तर उपाय वेगळा. माणसावर हल्ला करणारा मोकळाच राहिला आणि भलताच पकडला गेला, तर म्हणीप्रमाणे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार होतो. शिवाय गाव निर्धास्त होते, ते वेगळेच. रुग्णालयात औषध टोचण्याआधी रुग्णाचे नाव आणि केसपेपर पडताळून पाहतात, तसेच इथेही आहे. आधी ओळख, मग इलाज. आणि बिबट्याची ओळख त्याच्या अंगावरच लिहिलेली असते.

धरण, ऊस आणि बिबट्या

घोड नदीवरचे डिंभे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग आहे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. वरच्या अंगाला भीमाशंकरचे अभयारण्य, खालच्या अंगाला घोडेगाव, मंचर आणि पुढे शिरूरपर्यंत पोहोचलेले पाणी. डावा कालवा येडगावकडे जातो, उजवा शिरूरच्या बाजूला. पाणी आले तशी बाजरीची राने उसाची झाली.

उसाचा फड वर्षभर उभा असतो. आत सावली, गारवा, जवळच चारीला पाणी. बिबट्याला आडोसा हवा असतो, तो इथे आयता मिळतो. भक्ष्यही जवळच असते. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेतील केस तपासून आहाराचा अभ्यास केला. त्यांच्या आहारातील वजनाचा ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यातही सर्वांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. गावात उकिरडा असला की भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. उसात जन्मलेल्या पिल्लाला जंगल ठाऊकच नसते, त्याचे घर फडातच असते.

गुडघ्याच्या उंचीवरचा साक्षीदार

रानात चोरपावलांनी फिरणाऱ्या, त्यातून रात्रीच्या प्राण्याला ओळखायचे कसे? पूर्वी पंजाच्या ठशांवर भिस्त होती. ओल्या मातीतला ठसा आणि कोरड्या धुळीतला ठसा एकाच पायाचा असून वेगळा दिसतो. या पद्धतीने देशात वाघ मोजले जात होते आणि २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा तिच्या मर्यादा सगळ्यांना कळल्या.

प्राण्यानेच स्वतःचा फोटो काढून घ्यावा, ही कल्पना मात्र जुनी. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी तारेला पाय लागताच प्रकाशाचा झोत पडेल अशी व्यवस्था करून रात्रीच्या प्राण्यांची छायाचित्रे घेतली. ती १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापून आली. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात अशाच युक्तीने वाघांचे फोटो काढले. पण फोटोतील पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून त्यांची संख्या शास्त्रीय रीतीने काढण्याची पद्धत आपल्याकडे रुजवली ती उल्हास कारंथ यांनी. कर्नाटकातील नागरहोळे इथल्या वाघांवरचा त्यांचा शोधनिबंध १९९५चा आहे.

आजच्या कॅमेरा ट्रॅपला तार लागत नाही. समोरून गरम रक्ताचे काही हलले, की आजूबाजूच्या आणि त्या शरीराच्या उष्णतेतला फरक संवेदक टिपतो आणि फोटो निघतो. त्यावर तारीख आणि वेळ आपोआप उमटते. उन्हाने तापलेले, वाऱ्यावर हलणारे गवतही कधीकधी त्याला फसवते. त्यामुळे कार्डमधल्या हजार फोटोंतून कामाचे शोधताना डोळे दुखतात. गाय, कुत्रा, मोटारसायकल, डोक्यावर भारा घेतलेली बाई, सगळे त्यात येते.

कॅमेरा साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात, म्हणजे बिबट्याची कूस समोर येते. जागा निवडताना पाणंद, ओढ्याची वाट, कालव्याचा रस्ता पाहतात. माणसाप्रमाणे बिबट्यालाही काट्याकुट्यांतून जाण्यापेक्षा मळलेली वाट आवडते. मुख्य म्हणजे कॅमेरे जोडीने, वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. कारण बिबट्याची डावी कूस आणि उजवी कूस सारखी नसते. एका रात्री फक्त डावी बाजू आणि दुसऱ्या रात्री फक्त उजवी मिळाली, तर तो एक बिबट्या की दोन, हे सांगता येत नाही.

गर्भातच उमटलेली सही

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके नीट पाहिले तर ते नुसते ठिपके नसतात. पाठीवर आणि कुशीवर काळ्या डागांची लहान लहान कडी असतात, फुलाच्या पाकळ्यांसारखी. मधला भाग गडद पिवळा. पायांवर आणि डोक्यावर भरीव ठिपके. कुठे दोन कडी एकमेकांना चिकटलेली, कुठे एक अर्धवट उघडी. ही मांडणी दोन बिबट्यांत सारखी नसते. वय वाढले, अंग भरले, तरी मांडणी तीच राहते. सहा महिन्यांच्या पिल्लाचा फोटो असेल, तर तीन वर्षांनी तेच जनावर ओळखता येते.

हे घडते कसे? १९५२ मध्ये ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी एक विचार मांडला. भ्रूणात दोन रासायनिक द्रव्ये पसरत असतील, त्यातले एक रंगाला चालना देणारे आणि दुसरे ते रोखणारे, आणि रोखणारे अधिक वेगाने पसरत असेल, तर सपाट एकसारख्या पेशींतूनही आपोआप पट्टे आणि ठिपके तयार होतील. अनेक वर्षे हे कागदावरचे गणित होते. २०२१ मध्ये मांजरांच्या भ्रूणांवरील संशोधनात दिसले, की अंगावर केस उगवण्याच्या आधीच कातडीत ही नक्षी ठरून गेलेली असते आणि डीकेके-४ नावाचे जनुक त्यात काम करते.

गणिताचा नियम एकच, पण प्रत्येक भ्रूणात बारीकसारीक योगायोग निराळे. म्हणून एकाच वेताची दोन पिल्लेसुद्धा वेगळी ओळखू येतात. माणसाच्या बोटांच्या ठशांचे असेच आहे. तेही गर्भातच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आखले जातात आणि जुळ्या भावंडांतही वेगळे असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बोटांच्या रेषांमागेही ट्युरिंग यांनी सांगितलेलीच पद्धत आहे. आधार कार्डासाठी यंत्रावर अंगठा टेकवणारा माणूस आणि कॅमेऱ्यासमोरून जाणारा बिबट्या, दोघेही निसर्गाने एकाच रीतीने केलेली सही दाखवत असतात.

जुळवणी आणि चूक

फोटो मिळाला की काम सुरू होते ते जुळवणीचे. आधी एखादी ठळक खूण निवडायची, उदाहरणार्थ मांडीजवळची तीन कडी त्रिकोणात. मग जुन्या प्रत्येक फोटोत तीच जागा पाहायची. एक खूण जुळून भागत नाही, निदान दोन-तीन ठिकाणी मांडणी जुळावी लागते. आता संगणकही मदतीला आहे. तो अंगाच्या वळणाचा हिशेब करून नक्षी सपाट करतो आणि संग्रहातले सर्वांत जवळचे फोटो पुढे ठेवतो. पण शेवटचा होकार किंवा नकार माणसाचा डोळाच देतो. रक्ताच्या काचेवर मलेरियाचा जंतू शोधणाऱ्या तंत्रज्ञाचे काम जसे, तसेच हे.

आणि तपासणी म्हटली की चूक आली. एकच प्राणी दोन समजला जाऊ शकतो किंवा दोन प्राणी एक. पिंजऱ्यातल्या, म्हणजे ओळख आधीच माहीत असलेल्या हिमबिबट्यांचे फोटो आठ जणांना देऊन एक परीक्षा घेण्यात आली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठापैकी एक, म्हणजे साडेबारा टक्के वेळा ओळख चुकली होती. चूक बहुतेक वेळा एकाच प्राण्याला दोन समजण्याकडे झुकत होती. त्यामुळे प्राण्यांचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने फुगला. म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे जुळवणी करावी, अंधूक फोटो सरळ बाजूला ठेवावा, हे नियम महत्त्वाचे. गावात ‘तीन बिबटे’ होतात तेही याच झुकावाने. भीती नेहमी बेरीजच करते.

न दिसलेल्यांची मोजदाद

सगळे बिबटे काही कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. मग न आलेले मोजायचे कसे? समजा, पहिल्या पंधरवड्यात दहा वेगवेगळे बिबटे टिपले. दुसऱ्या पंधरवड्यात आठ टिपले आणि त्यातले चार पहिल्या यादीतलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या वेळी दिसलेल्यांपैकी निम्मेच आधी माहीत होते. याचा अर्थ पहिल्या वेळीही साधारण निम्मेच दिसले असावेत. दहा हे निम्मे, तर एकूण वीस. हे ढोबळ गणित झाले. प्रत्यक्षात कोणता बिबट्या कुठल्या कॅमेऱ्यावर किती वेळा आला, याचा हिशेबही त्यात धरतात.

हीच युक्ती आरोग्य खात्याच्याही कामी आली आहे. सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राची माहिती वापरून, नोंदच न झालेले जन्म-मृत्यू किती असतील ते काढले. एक यादी सरकारी निबंधकाची, दुसरी घरोघर फिरून केलेली. दोन्हींत समान नावे किती, यावरून दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज. सिंगूरची बाळे आणि उसातले बिबटे एकाच गणिताने मोजले जातात. अट एकच, ओळख पक्की हवी. एकाच बाळाचे नाव दोनदा लिहिले गेले, की सगळा हिशेब चुकला.

या पद्धतीने अकोल्याच्या शेतशिवारात जे दिसले ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस. माणसे मात्र दर एका चौरस किलोमीटरला ३००हून अधिक. दुसरीकडे, २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी अंदाजात भारतात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. पण तो अंदाज मुख्यतः वनक्षेत्रांचा आहे. डिंभ्याच्या कालव्यावरून रात्री जाणारा, उसातच लहानाचा मोठा झालेला बिबट्या त्या आकड्यात बसत नाही. ज्या बिबट्याशी माणसाची रोज गाठ पडते, तोच मोजणीबाहेर राहतो.

पकडला, सोडला, पुढे काय?

ओळख न पटवता केलेल्या इलाजाचे काय होते, हे जुन्नर वनविभागाने अनुभवले आहे. २००१ ते २००३ या काळात शेतांतून २९ बिबटे पकडून सरासरी सुमारे ४० किलोमीटर दूर जंगलांत सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता. पण त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या काळात १७ झाले. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलुखात टाकलेला, पिंजऱ्यात भेदरलेला प्राणी, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर आलेला नवा, अशा दोन्ही बाजूंनी घडी विस्कटत असावी, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

बिबट्या दूर सोडला म्हणून दूर राहत नाही, हे ‘आजोबा’ने दाखवून दिले. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या या बिबट्याला २००९ मध्ये गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा आणि कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून माळशेज घाटात सोडले. तो साधारण महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो ‘आजोबा’च आहे हे त्या चिपवरून कळले.

प्रश्न जिवावर बेततो तेव्हा ओळखीची किंमत आणखी कळते. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे गेली. लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले. अखेर वनखात्याच्या नेमबाजांनी एक बिबट्या ठार केला. शेतात जाताना बायाबापड्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, ही छायाचित्रे देशाने पाहिली. ज्या घरातले लेकरू गेले, त्या घराला ठिपके जुळवून पाहू, असे सांगणे अवघड आहे. पण त्याच आईबापांच्या शेजारच्या घरातले लेकरू वाचायचे असेल, तर जुळवणीला पर्याय नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, तर चोर रानातच राहतो. मुंबईच्या आरे वसाहतीत २०२१ मध्ये हल्ले झाले, तेव्हा कॅमेऱ्यांतील ठिपक्यांच्या आधारे संशयित बिबट्याची ओळख पटवण्याचा मार्ग घेतला गेला. तिथे वर्षानुवर्षे जमवलेला फोटोंचा संग्रह होता, म्हणून ते जमले. संग्रह हल्ल्यानंतर सुरू करून चालत नाही, तो आधीपासून असावा लागतो.

फोटोला मर्यादाही आहे. बिबट्या तिथून गेला एवढेच तो सांगतो, हल्ला त्यानेच केला हे सांगत नाही. त्यासाठी जखमेवरच्या किंवा कपड्यांवरच्या लाळेतील डीएनए तपासावा लागतो. संशयितांची यादी मात्र फोटो लहान करतो, आणि ही मदत मोठी आहे.

कॅमेऱ्याचे एक काम मात्र मन हलके करणारे आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जात आणि पिसाटलेली आई वस्तीभोवती घिरट्या घालत राही. आता वनखाते आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्रातील पथक पिल्ले तपासून, त्याच शेतात खोक्यात ठेवून, समोर कॅमेरा लावतात. रात्री आई येते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. सकाळी फोटो पाहिले की पिल्ले आईनेच नेली, कुत्र्यांनी नव्हे, याची खात्री पटते.

हल्ला झालाच तर

बिबट्या मान धरतो. त्यामुळे रक्तस्राव आधी थांबवावा, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बाकीच्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवाव्यात. हळद, चुना, मिरची, रॉकेल यातले काहीही लावू नये. रेबीजची शक्यता गृहीत धरावीच लागते, कारण बिबट्याचे खाणेच मुळात कुत्री. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात मोडतो. म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन आणि लशीचे डोस, दोन्ही लागतात. कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. गरोदर बाई असो की तान्हे मूल, ही लस टाळायची नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविकेही लागतात, कारण मांजरकुळाच्या दातांतून जंतू खोलवर जातात. जखम वरून लहान दिसली तरी घरी थांबू नये. पहिला डोस घेतला आणि जखम भरली म्हणून उरलेले डोस सोडणे, ही चूक बरेच जण करतात. ती जिवावर बेतू शकते.

बाकी काळजी रोजचीच. रात्री दारे धरायला एकट्याने जाऊ नये, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत, हातात विजेरी आणि काठी असावी. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी म्हणूनच जिवाभावाची आहे. वाकून किंवा बसून काम करणारे माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते, तेव्हा फडाच्या कडेला मुलांना एकटे बसवू नये. गोठा बंदिस्त असावा, उकिरडा वस्तीपासून दूर असावा.

आणि कालव्याच्या कडेला खांबावर बांधलेली हिरवट पेटी दिसली, तर ती काढू नये, झाकू नये. तिच्यासमोरून रात्री जो जाईल त्याची नोंद ती करून ठेवते. उद्या गावात ‘पुन्हा तोच आला का?’ असा प्रश्न उठेल, तेव्हा खात्रीचे उत्तर तिच्याकडेच असेल.